बातमी भावाची, गरज नजरेची : तय्यब मेहता आणि आपले मोहल्ले

चित्रकलेची बातमी आपल्या घरात क्वचित येते आणि आलीच तर बहुधा पैशाच्या वाटेने येते. तय्यब मेहता हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी असेच ऐकले. २००२ साली त्यांचे ‘सेलिब्रेशन’ हे तीन भागांचे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली. २००५ मध्ये ‘महिषासुर’ने दहा लाख डॉलरांची रेषा ओलांडली. मग २०२५ साली, म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी, १९५६ सालच्या ‘ट्रस्ड बुल’ या चित्राला मुंबईच्या एका लिलावात ६१ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. उर्दू वर्तमानपत्र असो की मराठी, मथळा आकड्याचाच होता. चहाच्या हॉटेलात ही बातमी वाचणाऱ्याने आकडा दोनदा वाचला, “एवढे पैसे कशाचे?” असे विचारले आणि पान उलटले.

त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देणे बातमीचे काम होते, ते तिने केले नाही. लिलावाची रक्कम चित्र विकणाऱ्याला मिळते, चित्रकाराला नाही, एवढी साधी गोष्टही फारशी कोणी सांगितली नाही. चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता यावा, अशी तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने झाली आहे. ती किती जणांना ठाऊक आहे? चित्रात काय आहे, ते कोठून आले, ते पाहावे कसे, याबद्दल तर एक ओळही नसते. मग अशी बातमी वाचून मोहल्ल्यातल्या कोणा मुलाने पेन्सिल हातात घ्यावी, ही अपेक्षा कशी करायची?

या लेखात मला दोन गोष्टी तपासायच्या आहेत. पहिली, तय्यब मेहतांच्या चित्रांची मूळ बातमी कोणती होती? दुसरी, कलेवर प्रेम करणाऱ्या माणसांची जमात एखाद्या शहरात कशी उभी राहते आणि आपल्या वस्त्यांत ती का उभी राहिली नाही?

तय्यब मेहतांचा जन्म २६ जुलै १९२५ चा, गुजरातेतील कपडवंजचा. दाऊदी बोहरा घराणे. वाढले मात्र मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. घरच्यांचा सिनेमाशी संबंध होता. म्हणून तेही आधी सिनेमाच्या संकलनाचे काम शिकले आणि मग सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १९४७ साली, फाळणीच्या दंगलीत, मोहम्मद अली रोडवरच्या आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाच्या हातून मरताना पाहिले. जमावाने त्याला ठेचून मारले. त्यानंतर कित्येक दिवस आपण तापाने फणफणलो होतो आणि ते दृश्य पुढे कधीच आपली पाठ सोडत नव्हते, असे त्यांनी अनेक मुलाखतींतून सांगितले आहे.

खरी बातमी ही होती. त्या दिवसांत अशा बातम्या रोज छापून येत होत्या आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या होत होत्या. तय्यब मेहतांनी ती एक बातमी साठ वर्षे शिळी होऊ दिली नाही. मात्र त्यांनी त्या घटनेचे चित्र लगेच काढले नाही आणि जसेच्या तसे तर कधीच काढले नाही. त्यांच्या चित्रांत सुरा दिसत नाही, जमाव दिसत नाही, टोपी दिसत नाही, टिळा दिसत नाही. दंगलीची बातमी आली की आपण सर्वात आधी विचारतो, “मेलेला कोणाचा होता?” १९९२-९३ च्या मुंबईत आपण सर्वांनीच हा प्रश्न विचारला आहे. तय्यब मेहतांची चित्रे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. तिथे पडणारा माणूस आहे, त्याचे उघडलेले तोंड आहे आणि वेडेवाकडे झालेले हातपाय आहेत. त्याची जात त्याच्यापाशीच राहते. माझ्या दृष्टीने त्यांच्या कलेचा पहिला नैतिक गुण हा आहे.

१९६५ च्या ‘फॉलिंग फिगर’ या चित्राला १९६८ साली दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. या विषयावरच्या एका चित्राची छापील प्रत मी नववीच्या वर्गात फळ्यावर लावली होती. उर्दू माध्यमाची मुले, बहुतेक कारखानदारांकडे काम करणाऱ्या कारागिरांची. चित्रकाराचे नाव सांगितले नाही, किंमत तर नाहीच. थोडा वेळ हसणे झाले. मग एकाने विचारले, “सर, हा पडतोय की उडतोय?” दुसऱ्याने त्याला उत्तर दिले, “खाली जमीनच नाही, तर कळणार कसे?” मला वाटते, या एका वाक्यात चित्राची चांगली समीक्षा आहे. तो माणूस पडतो आहे, पण आपटणार कोठे हे चित्रकाराने दाखवलेले नाही. त्यामुळे त्याचे पडणे संपत नाही. १९४७ च्या खिडकीतले दृश्यही त्यांच्या मनात असेच न संपता राहिले होते.

बैलाचेही तसेच. पाय बांधून आडवा केलेला बैल त्यांच्या चित्रांत पन्नासच्या दशकापासून येतो. १९७० साली त्यांनी ‘कूडल’ नावाचा लघुपट केला, त्याचे काही चित्रण वांद्र्याच्या कत्तलखान्यात झाले होते. त्या लघुपटाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. इंग्रजी समीक्षक या बैलाबद्दल लिहितात तेव्हा युरोपातल्या चित्रकारांची नावे पुढे येतात. ती तुलना चुकीची नाही. पण आपल्या मुलांना त्या नावांची गरज पडत नाही. बकरी ईदला जनावराचे पाय बांधताना त्यांनी पाहिलेले असते. एवढे ताकदवान जनावर एका दोरीने कसे असहाय होते आणि त्या क्षणी त्याच्या मानेला कसा पीळ पडतो, हे त्यांना ठाऊक असते. कुर्बानी ही इबादत आहे आणि कत्तलखाना हा व्यवसाय. तय्यब मेहता या दोन्हींवर निवाडा देत नाहीत. बळ असून हलता न येणे म्हणजे काय, तेवढे ते दाखवतात. जे पाहायला दुसरे लोक पुस्तके वाचतात, ते आपल्या मुलांच्या ओळखीचे आहे आणि तरीही हे चित्र आपल्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

तिसरी गोष्ट तिरप्या रेषेची. १९५९ ते १९६४ ते लंडनमध्ये होते. १९६८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर त्यांच्या चित्रांत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाणारी तिरपी रेषा आली. ती चित्राला चिरते. एकाच माणसाचे धड एका रंगात आणि हात दुसऱ्या रंगात जातो. रंगही सपाट झाले, छायाप्रकाश गेला. पुष्कळ प्रेक्षक येथे थबकतात. आपल्याकडे या रेषेपर्यंत जायला एक वाट आहे, ती म्हणजे नस्तालीक. ज्याने तख्तीवर बोरूने नस्तालीक गिरवले आहे त्याला माहीत असते की या लिपीत शब्द सरळ ओळीवर बसत नाही, तो उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरतो. त्या उतारामुळे शब्दाला गती येते. तय्यब मेहतांनी ही रेषा नस्तालीकवरून घेतली असे मी मुळीच म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. मी पाहणाऱ्याविषयी बोलतो आहे. तिरपी रेषा डोळ्याला कसे ओढते हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला या चित्रापुढे परके वाटण्याचे कारण नाही.

त्यांच्या कलेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ‘काली’ आणि ‘महिषासुर’ या मालिका पुष्कळ वाखाणल्या गेल्या. बोहरा घरात जन्मलेल्या चित्रकाराने देवीची कथा घ्यावी, यात मला खटकण्यासारखे काही दिसत नाही. ज्या मातीत आपण राहतो तिच्या कथा आपल्याही असतात. माझा आक्षेप वेगळा आहे. उत्तरकाळातल्या काही चित्रांत रंग इतके स्वच्छ आणि रेषा इतकी सुबक झाली की यातना देखणी होऊन बसली. सुरुवातीच्या जाड, मातकट रंगांतला माणूस पाहताना जो गुदमर होतो, तो तिथे होत नाही. अशी चित्रे दिवाणखान्यात सहज शोभतात आणि लिलावातही. याउलट त्यांच्या रिक्षावाल्याच्या चित्रांत माणूस आणि रिक्षा असे एकजीव होतात की त्याचे हात कोठे संपतात आणि दांडे कोठे सुरू होतात हे कळत नाही. तेथे सुबकपणाने कष्टांना झाकलेले नाही. स्वतःच्या कामाविषयी ते किती कठोर होते हे प्रसिद्ध आहे, पसंत न पडलेली चित्रे ते नष्ट करून टाकत. म्हणूनच त्यांच्या चित्रांची संख्या थोडी आहे.

आता दुसरा प्रश्न. खिडकीतून ते दृश्य पाहणारे तय्यब मेहता एकटेच नसणार. मग चित्र त्यांच्याच हातून का झाले? गुण तर होताच, पण त्या गुणाला जागा देणारी माणसे शहरात होती. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. पंढरपूरला जन्मलेले आणि सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे हुसेन त्यात होते, मोटारी धुण्याचे काम केलेले आरा त्यात होते. तय्यब मेहता संस्थापकांत नव्हते, पण त्यांची ऊठबस याच मंडळींत होती. जर्मनीहून आलेले रुडी फॉन लायडन वर्तमानपत्रात चित्रांवर लिहीत. ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर आपल्या घरी तरुण चित्रकारांना बोलावून चर्चा करीत. व्हिएन्नाहून आलेले इमॅन्युएल श्लेसिंजर कोणी ओळखत नसताना त्यांची चित्रे विकत घेत. हिटलरच्या युरोपाला पारखी झालेली ही माणसे मुंबईच्या पोरांच्या पाठीशी उभी राहिली. १९५२ साली काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी झाली.

यात एक नाव आपण विशेष आठवावे असे आहे. इब्राहिम अल्काझी १९२५ सालीच पुण्यात जन्मले, अरब माता-पित्यांच्या घरात. नाट्यदिग्दर्शक म्हणून त्यांना देश ओळखतो, १९६२ पासून १९७७ पर्यंत त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालय घडवले. पण त्याआधी मुंबईत, पन्नासच्या दशकात, ते थिएटर युनिटचे एक बुलेटिन काढत. त्यात नाटकांबरोबर चित्रकलेचाही मजकूर असे. नवी चित्रे लोकांना समजावीत म्हणून ते प्रदर्शने भरवत आणि व्याख्याने देत. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नाटकवाले, नर्तक, वादक एकाच आवारात काम करत. कोण काय करतो आहे हे तेथे एकमेकांना माहीत असे. त्या बातमीत लिलावाचा भाव नव्हता. अमुक ठिकाणी प्रदर्शन आहे, अमक्याने नवे काम केले आहे, येऊन पाहा आणि बोला, एवढेच तिचे स्वरूप. ही लहान बातमी वाचणारा माणूस संध्याकाळी उठून तेथे जात असे. प्रेरणा अशाच ये-जा करण्यातून निर्माण होते.

ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागू नये, कारण शायरीच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. मालेगाव, भिवंडी, मदनपुरा, कोठेही पाहा. नशिस्त ठरली की तरही मिसरा आधी दिला जातो. तो तोंडातोंडी पसरतो. यंत्रमागावर उभा असलेला माणूस मनातल्या मनात काफिये जुळवतो. नशिस्तीत वीस माणसे असतात, एक खोली असते, चहा असतो. नवख्याला दाद मिळते, चुकले तर उस्ताद इस्लाह देतो. यासाठी कोणी सरकारी अनुदान मागत नाही. शेकडो शायर या छोट्या मजलिसींनी घडवले. चित्रकाराच्या वाट्याला मात्र यातले काहीही येत नाही. ना मिसरा, ना दाद, ना इस्लाह.

पूर्वी आपल्याकडे निदान कातिब होते. १९३८ साली सुरू झालेल्या ‘इन्किलाब’सारख्या उर्दू दैनिकांची पानेच्या पाने हाताने लिहिली जात. नव्वदच्या दशकात संगणकावर नस्तालीक आली आणि कातिबांची बैठक उठली. सोय झाली हे खरे. पण मोहल्ल्यात रेषेची पारख असलेला एक माणूस कमी झाला. “या नूनचे पोट नीट भरले नाही” असे सांगणारा कोणी उरला नाही. शाळांतून तख्तीही गेली. तिच्या जागी काय आले? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा आल्या, त्यांचे गुण दहावीत मिळतात म्हणून मुले बसतात. श्रेणी मिळाली की रंगपेटी बंद होते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वस्तीत चित्र पाहणारे कोणी नाही, तेथे ती कोणासाठी काढतील?

येथे एक मसला येतो. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही. सजीवांच्या तस्वीरीबद्दल आपल्या अनेक घरांत मनाई पाळली जाते. रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राला माणसे काढावी लागतात, तेव्हा काही पालक शाळेत येऊन विचारतात. या बाबतीत फतवा देणे शिक्षकाचे काम नाही, ते उलेमांचे क्षेत्र आहे आणि ज्यांना ही मनाई मान्य आहे त्यांच्या श्रद्धेचा आदर व्हायलाच हवा. मात्र इतिहासाकडेही पाहावे. अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात आफताबी या कवीचे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र फारसी काव्य तयार झाले. त्याचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. सुलतानाबरोबर बेगमेचेही चित्र त्यात होते, पुढे बहुतेक ठिकाणी बेगमेची आकृती पुसली गेली. काढणारे आपलेच होते आणि पुसणाऱ्यांविषयीही आपल्याला विचार करावा लागेल. आपल्या परंपरेत हे दोन्ही हात आहेत. ज्यांना आकृती नको त्यांच्यासाठी खत्ताती आहे, नक्षी आहे, निसर्ग आहे, इमारतीची कमान आहे. पाहायला शिकण्याला तर कोणाचीच मनाई नाही.

आणि पाहण्यासारखे दूर नाही. भेंडी बाजारातून निघून मोहम्मद अली रोडने सरळ चालत गेले तर क्रॉफर्ड मार्केटपाशी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, १८५७ सालापासून. ज्या रस्त्याने आपण रमजानमध्ये खरेदीला जातो तोच हा रस्ता. जहांगीरला तिकीट लागत नाही. समोर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट १९९६ पासून आहे. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ पासून जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक चित्रांचा संग्रह आहे. भायखळ्याला, मदनपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. अंतर मैलांचे नाही. “आपले तिथे काय काम?” या संकोचाचे आहे. तो संकोच तुटायला एका शिक्षकाने वीस मुलांना घेऊन जाणे पुरेसे असते.

तेव्हा आपल्याला कोणती बातमी हवी? माझ्या मते या वार्षिकाने आणि आपल्या उर्दू-मराठी नियतकालिकांनी चित्रकलेसाठी चार पाने राखावीत. त्यांत लिलावाचे आकडे नकोत. कोणत्या शाळेतल्या मुलीने रेखाकलेत ‘अ’ श्रेणी मिळवली, कोणत्या गावात जुना कातिब अजून लिहितो, ट्रकच्या फळीवर किंवा दुकानाच्या पाटीवर सुंदर हात कोणाचा आहे, जे. जे.त यंदा आपल्या वस्तीतून कोण गेला, हे छापावे. एका चित्राची नीट छपाई करून त्याच्यावर दोन पाने लिहावीत, आवडले तर का आणि नावडले तर का. ‘चिन्ह’सारख्या मराठी वार्षिकाने गायतोंडे यांच्यासारख्या अबोल चित्रकाराचा शोध चिकाटीने मराठी वाचकांपुढे ठेवला. मराठीत हे होऊ शकते, मग आपल्या पानांवर का होऊ नये?

आणि पानांच्या जोडीला नशिस्त हवी, चित्रांची. तरही मिसऱ्यासारखा एक विषय महिनाभर आधी द्यावा : “आमची गल्ली, मगरिबच्या वेळी” किंवा “बंद पडलेला यंत्रमाग”. ज्याला माणूस काढायचा त्याने माणूस काढावा, ज्याला नको त्याने रिकामी गल्ली काढावी, कोणी नुसता एक शब्द नस्तालीकमध्ये लिहून आणावा. शाळेच्या एका खोलीत दोरी बांधून कागद टांगावेत. वीस माणसांनी पाहावेत, दाद द्यावी, इस्लाह द्यावी. एखादी दंगल, एखादा पूर, एखादे जळालेले दुकान कोणाच्या तरी मनात आज साठत असेल. तय्यब मेहतांना पाहणारी माणसे मिळाली, म्हणून त्यांच्या मनात साठलेले कागदावर आले. ते २ जुलै २००९ रोजी मुंबईतच वारले. त्यांचा रस्ता आपल्याच वस्तीतून जातो. तेथे आज खिडकीशी उभे राहून काहीतरी टक लावून पाहणारे जे मूल असेल, त्याने कागद आणला तर तो पाहायला आपण वीस जण हजर असलो पाहिजे.